चाळिशी-पन्नाशीत पुरुषांनी केस वाढवायचे तर: भोवरा, पाणी, हेल्मेट आणि पहिली दोन वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४७, राहायला पुण्यात वाघोलीला, नोकरी मगरपट्ट्यात, ये-जा दुचाकीने. आजवर कायम बारीक केस ठेवले, आता खांद्यापर्यंत वाढवायचे आहेत. कानशिलं पांढरी झाली आहेत, भोवऱ्यापाशी थोडं विरळ वाटतं, सोसायटीत टँकरचं पाणी येतं. या वयात जमेल का, किती काळ लागेल आणि निगा कशी राखायची?

जमेल की नाही, हे वयापेक्षा भोवरा ठरवतो. म्हणून आधी तो बघून घ्या. बाथरूमच्या आरशात तो दिसत नाही. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसा, केस धुतलेले, कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. घरातल्या कुणालातरी फ्लॅश बंद ठेवून तीन फोटो काढायला सांगा: वरून भोवरा, मधला भांग आणि समोरून कपाळाचे दोन्ही कोपरे. मग केस ओले करून पुन्हा तेच तीन. ओल्या केसांचा फोटो बघून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण लांब केस घामाने चिकटल्यावर साधारण तसेच दिसणार असतात, तेव्हा तोच फोटो खरा धरायचा.

कपाळाचे कोपरे बोट-दोन बोटं मागे गेले असतील तर काही बिघडत नाही. लांब केस मागे वळवले की तसे कोपरे उलट शोभून दिसतात. भोवऱ्याच्या मध्यावर रुपयाच्या नाण्याएवढी टाळू दिसणं हेही स्वाभाविक आहे, केस तिथून चारी दिशांना वळतात म्हणून ती दिसते. पण तळहाताएवढा भाग विरळ असेल तर खांद्यापर्यंतचा हट्ट सोडा. केस लांब झाले की वजनाने खाली ओढले जातात, त्यांच्या बटा होतात आणि दोन बटांमधून टाळू उघडी पडते. तोच विरळपणा सहा सेंटीमीटर केसांत झाकून जातो. अशा डोक्याला कॉलरपर्यंतची लांबी ही शेवटची मर्यादा समजा. आणि कोपरे मागे जात जात भोवऱ्याला मिळाले असतील, तर बाजूचे केस वाढवून टक्कल काही भरत नाही. तिथे बारीक केस आणि नीट कोरलेली दाढी कितीतरी बरी दिसते. हे तोंडावर सांगायला सलूनवाले कचरतात, कारण गिऱ्हाईक दुखावतं.

दुसरी तपासणी गळतीची. दोन दिवस न धुतलेल्या केसांतली साधारण ५०-६० केसांची बट मुळापाशी चिमटीत धरा आणि टोकापर्यंत हलकेच ओढत न्या. दोन-तीन केस हातात आले तर ठीक. डोक्यावर चार ठिकाणी करून प्रत्येक वेळी सहाहून जास्त येत असतील तर सध्या गळती चालू आहे. आधी तिचं कारण शोधा, केस वाढवायचं नंतर बघू. हातात आलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून सुटलेला केस, म्हणजे गळलेला. दोन्ही टोकं नुसतीच असतील आणि लांबी इतर केसांपेक्षा कमी असेल तर तो तुटलेला. गळण्याची कारणं शरीरात असतात, तुटण्याची कंगव्यात, रबरात नाहीतर पाण्यात. दोन्हींना एकच उपाय करत बसणारे लोक पैसे घालवतात.

रोज ५० ते १०० केस गळणं साधारण धरलं जातं. आठवड्यातून दोनदाच डोकं धूत असाल तर मधल्या तीन-चार दिवसांचे साचलेले केस एकदम जाळीवर येतात. तीस सेंटीमीटर लांबीच्या दोनशे केसांचा गुंडा लिंबाएवढा दिसतो आणि माणूस घाबरतो. संख्या पूर्वीइतकीच असते, लांबी वाढलेली असते. लांब केसांच्या भाराने मुळं सैल होतात हा जुना समज आहे. मोकळ्या केसांचं स्वतःचं वजन मुळाला उपटण्याइतकं नसतं. वारंवार गोटा केल्याने केस दाट येतात, हाही त्यातलाच.

पुण्यात एक प्रकार दर वर्षी दिसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन जातो आणि दिवाळीच्या सुमारास मूठभर केस गळायला लागतात. माणूस बदललेल्या शाम्पूला दोष देतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरवणारा डाएट, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होते, कारण बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात आणि त्या अवस्थेची मुदत साधारण तेवढीच असते. ही गळती बहुधा आपोआप थांबते. सहा महिन्यांत थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगतील. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातली, आणि रक्त पातळ करणारी काही औषधं यांनीही गळती होऊ शकते. म्हणून गोळ्यांची यादी बरोबर न्या, पण केसांपायी स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण केस म्हटलं की औषधाच्या दुकानात पहिली तीच पट्टी पुढे येते. नेहमीचं जेवण असलेल्या माणसाला बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि नसताना गोळी घेतल्याने केस वाढतात याला ठोस आधार नाही. त्यातून जास्त मात्रेचं बायोटिन रक्तातल्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं. थायरॉईडची चाचणी त्यात येते, आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही येते. पन्नाशीच्या माणसाला हा धोका परवडणारा नाही. घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा.

आनुवंशिक विरळपणासाठी मिनॉक्सिडिल ५ टक्के हे लावायचं औषध आहे, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. लांब केसांत अडचण अशी की औषध केसांवरच राहतं. भांग पाडत पाडत ड्रॉपरचं टोक कातडीला टेकवूनच थेंब सोडायचे, वरून फवारा मारून उपयोग नाही. पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, ते अपेक्षित आहे. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात, आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. फिनास्टेराइडची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तिच्यामुळे प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणून ती तपासणी करताना डॉक्टरांना गोळीबद्दल माहीत असलंच पाहिजे.

आता काळाचा हिशेब. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. तेल, कांद्याचा रस, उलटं लटकणं, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. कपाळावरचे केस आज चार सेंटीमीटर धरले तर सहा महिन्यांत दहा-अकरा, वर्षात सोळा ते एकोणीस आणि दोन वर्षांत अठ्ठावीस ते चौतीस होतात. कपाळापासून मागे मानेवर पोनी बांधायला समोरचे केस किमान पंचवीस सेंटीमीटर लागतात, म्हणजे दीड वर्षाच्या आत सगळे केस रबरात मावणार नाहीत. समोरचे केस खांद्यावर टेकायला तीस-बत्तीस लागतात, म्हणजे पूर्ण दोन वर्षं आणि मधल्या काटछाटीचे वरचे दोन-तीन महिने.

खरी गोची पुढे आहे. मानेवरच्या केसांना खांदा दहा-बारा सेंटीमीटरवर आहे आणि कपाळावरच्यांना तीसवर. नुसतं सोडून दिलंत तर दहाव्या महिन्यात मागे शेपूट आणि पुढे झुडूप, असा अवतार होतो आणि तिथेच बहुतेक जण कंटाळून सगळं उतरवतात. यावर उपाय म्हणजे पहिलं वर्षभर मागचे केस मुद्दाम आखूड ठेवायचे. दर सहा ते आठ आठवड्यांनी सलूनमध्ये जायचं आणि फक्त मानेवरचं कापून घ्यायचं, वरचे त्यांना गाठेपर्यंत. खुर्चीत बसताच स्पष्ट सांगा: "मानेची कड सरळ करा, कानामागचं थोडं हलकं करा, वरचं आणि कानावरचं अजिबात कापू नका, मशीन नको, थिनिंगची कात्री नको." शेवटचं दोनदा सांगा. थिनिंगची दातेरी कात्री दाट केसांचा भार कमी करायला असते. या वयाच्या केसांत ती चालवली की वेगवेगळ्या लांबीचे आखूड केस मधून उभे राहतात आणि डोकं कायम पिंजारलेलं दिसतं. ते निस्तरायला आठ-दहा महिने जातात.

चौथा ते नववा महिना सर्वांत वाईट. केस कानामागे राहत नाहीत, डोळ्यांत येतात आणि घरात "या झिपऱ्या कधी कापणार?" हे रोज ऐकावं लागतं. ऑफिसात "नाटकात काम धरलं का?" हा प्रश्न ठरलेला. या काळात बोटाच्या पेराएवढं साधं स्टायलिंग क्रीम ओलसर केसांना लावून मागे वळवा, चापूनचोपून बसवायच्या फंदात पडू नका. जेल नको, वाळलं की कडक होतं आणि कंगवा घातला की केस तुटतात. दाढी, मानेवरची लव, कानातले आणि नाकातले केस मात्र वेळच्या वेळी साफ ठेवा. केस अर्धवट वाढलेले असताना बाकी सगळं नीटनेटकं असेल तर लोक त्याला आवड म्हणतात, नसेल तर अजागळपणा.

वर्षानंतर काटछाट दर चार महिन्यांनी, एक सेंटीमीटर. याने वाढ होत नाही, पण फाटे फुटलेलं टोक कापलं नाही तर फाटा वर चढत जातो आणि पुढे तीन सेंटीमीटर कापावे लागतात. या टप्प्यावर लांब केस रोज हाताळणाऱ्याकडे जा. युनिसेक्स पार्लरमधल्या कारागिराला ती सवय जास्त असते. केस विरळ असतील तर सगळी टोकं एका रेषेत ठेवा, कड दाट दिसते. दाट आणि लहरी असतील तर लांब लेअर घ्या, नाहीतर खाली त्रिकोण होतो.

आता पाणी, कारण वाघोलीत अर्धी लढाई तीच आहे. खडकवासल्याचं धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरवेलचं असतं आणि आपल्या काळ्या पाषाणातून येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीला आतून खरखरीत कडा आणि साबणाला फेस येत नाही, एवढं दिसलं की पाणी जड आहे. नेमकं हवं असेल तर थेंब टाकून मोजायचं हार्डनेस किट आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचं काठिण्य ठीक मानलं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतलं आहे. टीडीएस मीटर सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, काठिण्य वेगळं दाखवत नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ थोडाफार कमी करतात, पाणी मऊ करत नाहीत. त्यासाठी सॉफ्टनरच लागतो.

सॉफ्टनर नसेल तर एवढं करा. शाम्पू नेहमीच्या पाण्याने धुऊन टाका, पण शेवटचे दोन-तीन तांबे स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून दोनदा 'क्लॅरिफायिंग' किंवा 'चिलेटिंग' शाम्पू वापरा. घटकांच्या यादीत ईडीटीए आहे का बघा, ते केसांवर बसलेले क्षार पकडून उतरवतं. आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, व्हिनेगर मिसळून केसांवर सोडा, दोन मिनिटांनी धुवा. लिंबू थेट टाळूवर चोळू नका, आग होते. जड पाण्याचा सर्वांत जास्त त्रास अंगाच्या साबणाने डोकं धुणाऱ्यांना होतो, आणि पुरुषांत हे सर्रास चालतं. साबण आणि क्षार यांचा चिकट साका केसांवर बसतो, तो पाण्याने जात नाही. केस मेणचट आणि राठ, दोन्ही एकदम लागतात.

धुण्याची पद्धत. आठवड्यातून दोनदा, रोज हेल्मेट असेल तर एक दिवसाआड. खांद्यापर्यंतच्या केसांना ८ ते १० मिली शाम्पू पुरतो. अर्धा मग पाण्यात कालवा आणि फक्त टाळूवर ओता. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. लांबीला वेगळा शाम्पू नको, वाहून येणारा फेस पुरेसा आहे. मग कंडिशनर १० मिली, कानाच्या खालच्या केसांना, दोन मिनिटं. टाळूला लावलात तर विरळ केस चप्प बसतात. कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दात्यांच्या कंगव्याने गुंता काढा. आधी खालचे चार बोटं, मग त्याच्या वरचे, असं वर वर यायचं. वरून खाली एकदम ओढला की सगळा गुंता टोकाशी गाठ होऊन बसतो आणि तुटूनच निघतो. लहरी आणि कुरळ्या केसांना कोरडा कंगवा लावूच नका.

पुसायला टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत केस अडकतात. घरातला जुना सुती पंचा घ्या. केस त्यात गुंडाळून दाबायचे, घासायचे नाहीत, आणि पिळायचे तर मुळीच नाहीत. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो. जुलैत नैसर्गिक वाळायला दोन-तीन तास लागतात. सकाळी तेवढा वेळ नसेल तर रात्री जेवणाआधी धुवा. ड्रायर वापरायचा तर मध्यम उष्णतेवर आणि १५-२० सेंटीमीटर लांबून. ओले केस बांधून वर हेल्मेट चढवणं हा पावसाळ्यात कोंडा आणि कुबट वास यांचा सरळ रस्ता आहे.

कोंडा झालाच तर तेल थांबवा. टाळूवर खवले दिसले की रात्रभर तेल थापायचं ही आपल्याकडची जुनी सवय. पण कोंड्यातली मॅलसेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्धावर जगते आणि तेलाने तिचं फावतं. दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून मग धुवायचा. भुवया, नाकाच्या बाजू आणि दाढीतही लालसर खवले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कोंडा नसेल तर तेल जरूर लावा, पण कशासाठी ते समजून. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफूल तेल किंवा मिनरल ऑइल तितकं आत जात नाही. म्हणून धुण्याआधी तासभर, दोन चमचे, तेही मुख्यतः लांबीला आणि टोकांना लावा. टाळूची मालिश सुखाची असते, एवढंच तिचं काम. रंगपंचमीच्या आदल्या रात्री मात्र सढळ हाताने लावा आणि केस वेणीत बांधा, रंग केसात मुरत नाही आणि गुंता होत नाही. गणपतीत ढोलपथकात वाजवणार असाल तर हाच नियम, वर सुती फडकं. गुलाल आधी कोरडाच झटकायचा, मग पाणी.

शिकेकाई-रिठ्यावर काही जणांची श्रद्धा असते. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा सगळं मिळतं. दळलेली पूड थेट लावली तर कण केसांत अडकतात आणि घासून केस खरवडले जातात. पूड रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून फक्त काढा वापरा. डोळ्यांत गेला तर जबरदस्त झोंबतो. रिठा एकटा वापरू नका, केस कोरडे पडतात.

हेल्मेटबद्दल नीट सांगतो. पुण्यात लांब केस बिघडतात ते इथे. बुचडा डोक्याच्या वरच्या बाजूला बांधून हेल्मेट घालता येत नाही. घातलं तर ते वर उचललेलं राहतं, पट्टा सैल पडतो आणि अपघातात हेल्मेट असून नसल्यासारखं होतं. पोनी मानेवर, हेल्मेटच्या कडेच्या खाली बांधा. खालची शेपटी मोकळी सोडलीत तर नगर रस्त्यावरच्या वाऱ्याने अर्ध्या तासात तिची जट होते. सैल तीनपेडी वेणी घालून शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आत टाका. डोक्यावर आधी पातळ सुती टोपी किंवा रुमाल, मग हेल्मेट. रुमाल रोज धुवा, हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांनी. हनुवटीच्या पट्ट्याजवळचे आणि लॅपटॉपच्या बॅगेच्या पट्ट्याखालचे केस नेहमी आधी तुटतात. एकाच खांद्याकडचे केस आखूड होत चाललेत असं दिसलं तर बॅग बघा. बॅग अडकवण्याआधी केस पुढे घ्यायचे, एवढाच उपाय.

बांधायला पार्सलचं रबर कधीही नको. कापड चढवलेले जाड रबर किंवा फोनच्या वायरसारखी गुंडाळी असलेली रबरं तुळशीबागेत मिळतात, धातूचा जोड नसलेली घ्या. किती घट्ट? भुवया वर करून बघा, कपाळाची कातडी ओढली जात असेल किंवा सोडल्यावर मुळं दुखत असतील तर घट्ट झालं. कानशिलापाशी केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येणं ही ओढीची पहिली खूण. तिकडे दुर्लक्ष केलं तर तिथले केस विरळ होतात आणि वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर परत येत नाहीत. आधीच कोपरे मागे गेलेल्या माणसाला हे नुकसान दुप्पट दिसतं. बांधायची जागा रोज बदला, घरी आल्यावर सोडा, झोपताना सैल वेणी आणि उशीला गुळगुळीत सॅटिनचा अभ्रा.

एमआयडीसीत लेथ, ड्रिल किंवा कुठल्याही फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर शेपटी आणि वेणी दोन्ही धोक्याच्या. केस पूर्ण गुंडाळून जाळीत आणि वर टोपीत गेलेच पाहिजेत. यात तडजोड नाही.

पांढऱ्या केसांबद्दल सल्ला एकच: राहू द्या. लांब केसांत रंग म्हणजे दर तीन आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ आणि जन्मभराची हजेरी. शिवाय काळ्या रंगांत बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं, 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवते, डोळे-चेहरा सुजतो. लावायचाच असेल तर प्रत्येक वेळी कानामागे थेंब लावून ४८ तास थांबा आणि फक्त वाढलेल्या मुळांना लावा, सगळ्या लांबीला पुन्हा पुन्हा नाही. शुद्ध मेंदीने पांढरा केस केशरी होतो आणि काहींचा राठही. पांढरे केस पिवळट दिसत असतील तर कारण बहुधा पाण्यातलं लोह, रंगीत तेल किंवा धूम्रपान असतं. पंधरा दिवसांतून एकदा जांभळा शाम्पू, दोन-तीन मिनिटं, एवढं पुरतं. केस सरळ करण्याचे केराटिन वगैरे उपचार टाळा. काहींतून फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलेल्या उपचारांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी तर लांबच राहावं.

घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर एक शक्यता पुरुषांच्या डोक्यात येतच नाही: उवा. मानेपाशी आणि कानामागे खाज आली तर कोंड्याचा शाम्पू आणण्याआधी ओल्या केसांतून पांढऱ्या कागदावर फणी फिरवून बघा. निघाल्या तर एक टक्का परमेथ्रिन हे उवा मारणारं औषध, सात-दहा दिवसांनी पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासायची.

पुढे कधी कापायचे ठरलं, कंटाळा आला म्हणून किंवा घरात कुणी गेल्यावर क्षौर करावं लागलं म्हणून, तर वस्तरा लावण्याआधी केस धुऊन पूर्ण वाळवा, चार-पाच पोन्या बांधा आणि प्रत्येक रबराच्या वर कात्री चालवा. कर्करुग्णांच्या विगसाठी केस घेणाऱ्या संस्था सहसा किमान बारा इंच लांबी मागतात. पांढरे किंवा रंगवलेले चालतात का, हे कापण्याआधी फोन करून विचारा. ओले केस पाकिटात बंद केले तर त्यांना बुरशी लागते आणि ते फेकून द्यावे लागतात.